साट्यालोट्याचे तारे

रोहा, १४ एप्रिल २०२५

दिपिका वहिनी,

आज मुद्दाम वहिनी म्हणतेय. एरवी तुला वन्सं म्हणते, कारण तू माझ्या नवऱ्याची बहीण. पण तू माझ्या भावाची बायकोही आहेस आणि आज मला त्या नात्याने भांडायचं आहे. एकाच मांडवात आपली दोन्ही लग्नं लागली, पेणची मी रोह्याला आणि रोह्याची तू पेणला. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी मध्येच गोंधळली आणि तुझं गाणं माझ्यासमोर गायली, आठवतंय? तेव्हा आपण दोघी हसून हसून खाली बसलो होतो.

फोन नको म्हणालीस. "फोनवर तू रडतेस आणि मी गप्प होते, त्यापेक्षा लिही." बरं, लिहिते. कागदावर लिहून फोटो पाठवते, म्हणजे मध्येच खोडता येणार नाही.

तू साहिलला कळवलंस की तू जर्मनीहून परत येणार नाहीस आणि वेगळं व्हायचं आहे. त्याने ते बरेच दिवस पोटात ठेवलं. मग बाबांना सांगितलं. रविवारी बाबा रोह्याला आले, ओटीवर बसले आणि चहाला हात लावला नाही. बाबा आणि चहा नको, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तुझ्या आईला म्हणाले, "हौसाबाय, पोर दिली आन पोर घेतली. आता आमची सून नाय, तर तुमचीबी नाय. पावसाच्या आदी भाविकाला नेतो."

मी आत भाकऱ्या थापत होते. तव्यावरची भाकरी जळली.

म्हणजे कळलं का? संसार तू मोडतेयस आणि घर माझं जाणार. माझं आणि मिथुनचं काय भांडण आहे? पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली यावर होतं ते, बाकी काही नाही. तू परत ये. नाहीतर निदान दोन वर्षं खोटं बोल, बाबा विसरतील. मला तुझा राग येतोय आणि तुझी आठवणही येतेय, दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला माहीत नाही.

आणि तू तिकडे नेमकं करतेस काय ते एकदा सोप्या भाषेत लिही. आई रोज विचारतात. मी बी.ए. मराठी, मी त्यांना काय सांगणार? "तारे मोजते" म्हणाले तर म्हणतात, "त्यासाठी इमानानं जायला लागतंय व्हय? इथनं दिसत नाय का?"

तुझी नणंद,
भाविका


रोहा, ९ मे २०२५

वहिनी,

तुझं पत्र आलं. परत येण्याबद्दल एक ओळ आणि ताऱ्यांबद्दल चार पानं. मागितलं मीच होतं, तेव्हा तक्रार कुठे करू?

आता जे झालं ते ऐक. संध्याकाळी साहिल आला होता, धरमतरहून सुकट घेऊन. जेट्टीवरची ड्यूटी संपवून तसाच बाईकवर आलेला, अंगाला कोळशाची धूळ. आई म्हणाल्या, "पोरीचं पत्र आलंय ना, वाच की गो. सगल्यांनी ऐकूया." साहिलही म्हणाला वाच. मी वाचायला लागले, पण दोन वाक्यांत आईंचे डोळे मिटायला लागले. म्हणून मी वाचायचं सोडलं आणि आपल्या भाषेत सांगायला लागले.

सुरुवात छान झाली होती. म्हटलं, आई, आभाळात एका जागी लाखो तारे दाटीवाटीने राहतात, त्याला तारकागुच्छ म्हणतात. त्यातले काही म्हातारे होऊन मेलेले असतात. एवढा मोठा तारा, पण मेल्यावर उरतो तो गोळा रोह्यापासून नागोठण्यापर्यंत मावेल एवढाच. त्याला पल्सार म्हणतात. तो गरगर फिरतो आणि दीपगृहासारखा झोत टाकतो. फिरून फिरून दमतो. पण शेजारी जोडीदार तारा असेल तर त्याच्या अंगावरचं ओढून घेतो आणि पुन्हा असा फिरायला लागतो की सेकंदाला शेकडो फेऱ्या.

आई म्हणाल्या, "म्हंजे जोडीदारानं वर आनला."

मी म्हटलं, हो. पण दाटी असते ना, मग तिसराच कोणी जवळून जातो, धक्का बसतो आणि जुना जोडीदार फेकला जातो. दिपिका ज्या ताऱ्याचा अभ्यास करते त्याचं तसंच झालंय. ज्याने त्याला वर आणला तो केव्हाच गेला. आता बरोबर आहे तो दुसराच, चांगला वजनदार.

एवढं बोलून मी वर बघितलं. आई तोंडावर पदर घेऊन बसलेल्या. साहिल उठून चपला घालत होता. म्हणाला, "सरळ सांगायचं ना, मंग. तारे कशाला मधी घालायचे?"

मी त्याच्या मागे पायरीपर्यंत धावले. अरे, तो खरंच तारा आहे! पण तोवर त्याने बाईकला किक मारली होती.

आता तू सांग, चूक कोणाची? तुझी, असलं लिहिलंस म्हणून? माझी, सोपं करून सांगितलं म्हणून? लग्नानंतर तुझं शिक्षण बंद करा असं तुझंच माहेर म्हणत होतं आणि माझा भाऊ रोज तुला पेण स्टेशनला सोडत होता, हे त्या ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी तुझा तारा ऐकला आणि साहिल बघितला. आणि खरं सांगू? सांगता सांगता माझीही जीभ अडखळली. तू ताऱ्याबद्दल लिहिलंस की स्वतःबद्दल, हे मलाही कळेनासं झालं.

आहे का कोणी वजनदार? असेल तर लिही. नसेल तर त्याहून लवकर लिही.

भाविका


पेण, १७ जून २०२५

दिपिका,

वर पेण वाचून दचकू नकोस. काही विशेष नाही. शेजारच्या कमळाकरकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात यंदा हात कमी पडतायत, म्हणून चार दिवसांसाठी आलेय. माझ्याकडे कापसाच्या बोळ्याने मूर्तींची धूळ झटकण्याचं आणि पितांबराला पिवळा रंग देण्याचं काम आहे. मूर्तींचे डोळे रेखायला अजून देत नाहीत. काका म्हणतात, "तुझा हात थरथरतोय गो, पोरी."

रोह्यातली माझ्या शिकवणीची मुलं शेजारच्या सुरभीकडे दिलीत. माझा कुकर आणि शिवणयंत्र इकडे आलंय, पण ते आपलं असंच, टेम्पो रिकामा येणार होता म्हणून. आई (म्हणजे माझी, पेणची) रोज माझ्या आवडीचं करते आणि मला बघून डोळे पुसते. कोणी आजारी असल्यासारखं घरात सगळे हळू बोलतात.

तुझं उत्तर वाचलं. "कोणीही नाही, भाविका. तारा तो तारा." बरं. मी ते साहिलला वाचून दाखवलं, या वेळी शब्दाला शब्द. तो म्हणाला, "मंग का?" मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं, पण ते तू लिहिलेलंच नाहीस. कोणी नाही आणि तरी नको, हे पेणमध्ये कोणाला कसं समजावू? कोणी असता तर बाबांना शिव्या द्यायला एक माणूस तरी मिळाला असता.

एक विचारते. तुम्ही तो दुसरा सोबती बघितलाय का दुर्बिणीतून? की नुसताच अंदाज? कारण इथे न बघता लोक बरंच काही ठरवतात आणि मग टेम्पो घेऊन येतात.

भाविका


पेण, २० जुलै २०२५

दिपिका,

तू बरोबर ओळखलंस. चार दिवसांसाठी कोणी शिवणयंत्र नेत नाही.

बाबा आणि माझे चुलते टेम्पो घेऊन रोह्याला आले. साहिल नव्हता आला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. मिथुन दुसऱ्या शिफ्टला होता. मी कंपनीच्या गेटवर फोन लावून त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, हे न्यायला आलेत, काय करू? मला वाटलं तो म्हणेल, दार लाव, मी येतो. निदान ओरडेल. मागे कंपनीतला घरघर आवाज येत होता. मग म्हणाला, "तू ठरव. जायचं तर जा, रहायचं तर रहा. मी काय बोलू?"

मी काय बोलू! सहा वर्षं संसार केल्यावर नवरा असं बोलतो. मी रागाने फोन ठेवला आणि त्याच रागात टेम्पोत बसले. तुझ्या आई रस्त्यापर्यंत आल्या, माझ्या पदराला तांदूळ बांधले आणि बाबांना म्हणाल्या, "नेलीत तशी सोडायलाबी तुमीच या. आमी न्यायला येनार नाय." म्हणजे तिथेही अडलं. नेणारे सोडणार नाहीत आणि सोडलेले न्यायला येणार नाहीत. मध्ये मी, पितांबर रंगवत.

मिथुन रोज शिफ्ट सुटली की फोन करतो. तिखटाचा डबा कुठे आहे? मोरीचा नळ गळतोय, कोणाला सांगू? "ये" म्हणत नाही. मी "येते" म्हणत नाही. काल मोटरवरून भांडलो, चाळीस किलोमीटर लांबून. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचाच राग आला. त्याला मी हवी आहे की तिखटाचा डबा, हे मला ओळखता येत नाही. मला तरी तो हवाय की नुसतं माझं स्वयंपाकघर, तेही या क्षणी सांगता येणार नाही.

तू सोबत्याबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. तो दिसत नाही, पण पल्सारच्या झोताचे ठोके कधी जरा लवकर येतात, कधी जरा उशिरा. त्यावरून कळतं की तो कोणाभोवती तरी फिरतोय, त्या कोणाचं वजन किती आणि वाट किती लांबट. आणि पुढे तू लिहिलंस की त्या गुच्छांत कितीतरी पल्सार एकटेच आहेत. कधीतरी सोबती होता, त्याने वेग दिला आणि तो गेला. आता ते एकटेच फिरतात आणि त्यांचे ठोके सगळ्यांत नेमके पडतात.

हे तू आधी का नाही लिहिलंस गं? त्या संध्याकाळी हे पान हातात असतं तर मी ओटीवर त्या दुसऱ्या सोबत्याच्या ऐवजी हेच सांगितलं असतं. साहिलला दुखलंच असतं, पण निदान खरं दुखलं असतं.

तुला एकटं बरं वाटतं, एवढंच ना? मला ते समजत नाही. पण खोटं वाटत नाही.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. धक्का बसला की कुठली जोडी सुटते आणि कुठली नाही, हे आधी कळतं का? की सुटल्यावरच कळायचं?

भाविका


पेण, २४ ऑगस्ट २०२५

दिपिका,

तुझं पत्र आणि तुझ्या तिकिटाचा फोटो एकदम आले. कशावर आधी लिहू?

तिकिटावर लिहिते. तू दिवाळीला येतेयस आणि कायमची, असं लिहिलंस. "माझ्यामुळे तुझं घर जात असेल तर मी साहिलकडे राहीन. काम इथून होईल तेवढं करीन." घरात जो काही आनंद झालाय म्हणून सांगू! गणपती तोंडावर आलेत आणि बाबांनी तुमच्या खोलीला नवा रंग काढायला घेतलाय. मला म्हणाले, "बघ, आली का नाय वठणीवर? सून आली की दुसरे दिवशी तुला रोह्याला पोचवतो." एप्रिलमध्ये मी हेच मागितलं होतं. मग मला पेढा का गिळवेना?

साहिल तेवढा त्या आनंदात नाही. काल मी कारखान्यातून आले तर तो मागच्या पडवीत बसला होता. मोबाईल कानाला, पण बोलत नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "ऐक." टक, टक, टक, टक. तू त्याच्या मोबाईलमध्ये पल्सारचा आवाज हळू करून टाकला होतास ना, तुझा फोन आला की वाजायला? तोच. म्हणाला, "हा एकटा हाय का जोडीतला, तिला कवा इचारलंच नाय." मग मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "भाविका, ती येल. रोज माज्या बाजूला बसंल. आन मी रोज बघीन की तिला इथं रहायचं नाय. ह्ये कसलं येनं?"

मी हाताला लागलेला पिवळा रंग खरवडत बसले. तो बोलला ते माझ्या विरुद्ध जात होतं. तू आलीस तर माझं घर मला मिळतं. तू आली नाहीस तर मला काय मिळतं ते मला माहीत नाही. मी माझ्या भावाच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात तिखटाचा डबा येत होता. मी इतकी स्वार्थी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता तुझं उत्तर. सैल जोडी धक्क्यागणिक आणखी सैल होते आणि सुटते. घट्ट जोडी धक्क्यागणिक आणखी घट्ट होते आणि धक्का देणाराच लांब फेकला जातो. आणि आधी कळतं! जोडीतले दोघे एकमेकांभोवती ज्या वेगाने फिरतात, तो आजूबाजूच्या गर्दीच्या वेगाहून जास्त असेल तर ती घट्ट.

पितांबर रंगवताना मी हेच डोक्यात घोळवत बसते. माझं आणि मिथुनचं भांडण होऊन, रुसून, मिटून पुन्हा दुसरं सुरू होतं, तेवढ्या वेळात बाबांचं एक वाक्य पुरं होत नाही. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एप्रिलमध्ये जे धरलंय ते अजून तिथेच आहे. आणि आम्ही रोज मोटर, नळ, तिखट, तुझ्या आईंचं गुडघ्याचं तेल, असं फिरतोच आहोत. याला वेग म्हणतात का गं? की हसतेयस तू?

कमळाकरकाकांनी आज मला एका मूर्तीचे डोळे रेखायला दिले. हात थरथरला नाही. का, ते विचारू नकोस.

तिकिटाबद्दल आत्ता काही लिहीत नाही. मला ये म्हणवत नाही आणि नको येऊस म्हणायची छाती नाही.

भाविका


रोहा, १५ सप्टेंबर २०२५

वन्सं,

तिकीट रद्द करा. आज अहोजाहो करतेय, कारण पत्र महत्त्वाचं आहे. पण ते मला जमत नाही, तेव्हा ऐक.

परवा सकाळी मी पिशवी भरली आणि बाबांना म्हटलं, मी रोह्याला जाते, दिपिका येवो न येवो. ते म्हणाले, "पितृपंधरवडा चाललाय, अक्कल हाय का? आन त्यांच्या घरनं कोन न्यायला आलंय? अशी आपल्या पायानं जाशील तर किंमत रहाल का तुजी?" मी रडायला लागले. ठरवलं होतं रडायचं नाही. दोन्ही घरांनी माझा बसायचा पाट केलाय, कोणीही उचलावा आणि कुठेही मांडावा, असं काहीतरी मी ओरडले. नीट आठवत नाही.

तेवढ्यात साहिल आतून आला, अंगात इस्त्रीचा शर्ट. माझी पिशवी उचलली आणि बाबांना म्हणाला, "आपन नेली व्हती ना? मंग सोडायला आपनच जायला पायजे. मी सोडतो."

बाबा म्हणाले, "आन तुजी बायको?"

"तिचं तिला ठरवू दे. बहिनीला गहान टाकून मना बायको नको."

असा माझा भाऊ बोलला, बाबांच्या तोंडावर. बाबा बाहेर पडवीत जाऊन बसले. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही, पण शिवणयंत्र मागनं टेम्पोने पाठवतो म्हणाले. शिवणयंत्र म्हणजे परत येऊ नकोस की सुखी रहा, ते मला अजून कळलेलं नाही.

नागोठण्याला त्याने बाईक हळू केली आणि म्हणाला, "रोह्यापासनं इथपरेंत ना गो? तेवढा तारा?" मी हो म्हटलं. म्हणाला, "बारकाच की."

इथे दारात आई उभ्या होत्या. तुझ्या आई गं, कशा आहेत माहीत आहे ना, हलल्या नाहीत. मी खाली मान घालून उभी. साहिल पुढे गेला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, जावई म्हनून आज शेवटचा आलो. या पुढं सुनेचा भाऊ म्हनून येईन. चहा मिलंल ना?"

आई ज्या रडल्या! त्याला धरून रडल्या, मला नाही. मला म्हणाल्या, "उभी काय? चहा ठेव." मी आत गेले. तिखटाचा डबा ओट्यावरच होता, डोळ्यांसमोर. मेल्याला कधीच सापडला होता.

मिथुन शिफ्ट सोडून आला. मी त्याला पहिलं वाक्य काय बोलले असेन? "न्यायला का नाही आलास?" तो मोरीत हात धुत होता, तसाच म्हणाला, "न्यायला आलो असतो तर तुज्या बापात आन माज्यात फरक काय? सगले तुला उचलूनच नेतात. मी म्हटलं, एक तरी मानूस असा असू दे जो उचलत नाय."

मी म्हटलं, हे तेव्हा फोनवर सांगायला काय झालं होतं?

"तू ठेवलास ना फोन."

मग भांडण झालं, मोठं. आई म्हणाल्या, "आले, आता घर भरलं." वन्सं, घट्ट आहे की नाही ते तूच मोज, मी मोजणं सोडलंय.

तुझ्यावरचा राग गेला का? नाही. साहिल परत जाताना पायरीवर थांबला होता, तेव्हाचं त्याचं तोंड आठवलं की अजून येतो. त्याने एवढंच सांगितलंय, की कागद पाठव, तो सही करील. आणि तुला विचारायला सांगितलंय, तो मोबाईलमधला तारा एकटा की जोडीतला. एकटा असेल तर ठेवतो म्हणाला.

दिवाळीला कोणासाठी येऊ नकोस. पुढे कधी स्वतःला यावंसं वाटलं तर ये, पण पेणला उतरू नकोस, थेट रोह्याला ये. भाऊबीजेला मिथुनला ओवाळ. हे तुझं माहेर आहे, इथे तुला कोणाच्या बदल्यात यावं लागणार नाही. दार मी उघडीन.

तुझी भावजय,
भाविका